शिशाची टिकली

गुलटेकडीत पहाटे भाव कुणाच्या बापाचा नसतो.
नगरचा ट्रक अडकला की चढतो,
दोन ट्रक जास्त आले की पोत्यावर बसून राहतो.

मी वजनमापं तपासणारा.
पिशवीत हातोडी, अक्षराचा ठसा
आणि मखमली डबीत पितळेचा एक किलो,
ज्याला घामाचा हात लावायचा नाही.

पारसमलशेठ चहा मागवतात. मी घेत नाही.
"साहेब, तुम्ही नसतात तरी कांदा विकला गेलाच असता.
काटा मारणाऱ्याचं गिऱ्हाईक सुटतं,
एवढा कायदा आम्हाला पुरतो."

मी त्यांचं पाच किलोचं माप पारड्यात ठेवतो.
नव्वद ग्रॅम कमी.
"लोखंड आहे, झिजणारच."
झिजतं, शेठ.
पण तेवीस वर्षं बघतोय,
नेहमी विकणाऱ्याच्याच बाजूनं झिजतं.

भाव तुमचा. किलो मात्र सगळ्यांचा,
तो लिलावात निघत नाही.
(हे वाक्य मी दाढी करताना बसवलेलं.)
पावती फाडतो, छाती जरा फुगते.

जैबुन बागवान, सातारा रस्ता, पपईची गाडी.
दर वर्षी शिबिरात रांगेत पहिली,
मापं चिंचेनं घासून आणते.
तळाच्या खाचेत शिसं, शिशावर माझा ठसा.
टिकलीएवढं सरकार, म्हणायची,
आणि हसायची.

मंगळवारी अतिक्रमणवाले आले.
गाडी उचलली, पपया उचलल्या, काटाही.
तिनं माप उलटं करून दाखवलं:
"शिक्का आहे की सरकारचा!"
"तो वजनाचा, बाई. जागेचा नाही."

फूटपाथ मोकळा करा, असा अर्ज होता आमच्या सोसायटीचा.
दोनशे चाळीस सह्या.
बहुमतच ते, दुसरं काय असतं?
सत्तावीस नंबरची सही माझी.
मुलगी स्कूटरवरून घसरली होती त्या वळणावर,
टाके पडले होते चार.
पपईचं मनात आलं नव्हतं.

रात्री शेठचा फोन:
"ऐकलं मी. आता कळलं, काय म्हणत होतो?"
मी गप्प.
मग आवाज खाली आणून:
"तो आमचा दंड, तेवढा बघता का?"

गोदामात काट्यांचा ढीग,
साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या.
दंड तिनंच भरला, मोजून, चिल्लर धरून.
मी फक्त ओळखपत्र दाखवून आत गेलो
आणि तिचं माप हुडकलं.
तिथंच, पत्र्याच्या पेटीवर, माझ्या पितळेशी ताडून पाहिलं.

बरोबर होतं.
जैबुननं ते पदराला पुसलं, पिशवीत टाकलं.
"साहेब, पुढच्या तिमाहीला अक्षर कुठलं?"
मी सांगितलं.
"आणि उभं कुठं राहायचं?"
डबीचं झाकण नीट बसत नव्हतं.
मी ते दाबत राहिलो.