दोनशे तास

पंचावन्न लाख भागिले दोनशे तास.
ताशी साडेसत्तावीस हजार.
मिनिटाला चारशे अठ्ठावन्न, वरचे पैसे सोडून दिले.

हे मी ब्रेकव्हॅनमध्ये मांडलं,
बॅटरीच्या उजेडात, फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर,
गाडी वरणगावला लूपमध्ये उभी असताना.
तेव्हापासून खोडच लागलीय.
शैला कळण्याची भाकरी तव्यावर टाकते, उलटते:
दोन मिनिटं, नऊशे सोळा.
बऱ्हाटे लॉबीत जावयाचं कौतुक सांगत
एक चहा वीस मिनिटं पुरवतो;
तेवढ्यात नऊ हजारांचं विमान उडून झालेलं असतं.

हेमालीची परीक्षा रविवारी.
गणित, फिजिक्स, इंग्रजी,
आणि कॉम्प्युटरवरचा तो एक प्रकार:
हाताने काठी धरून ठिपका मधोमध ठेवायचा,
कानात कुणी आकडे सांगेल ते उलटे म्हणायचे,
मध्येच लाल चौकोन दिसला तर पायाने दाबायचं.
जॉयस्टिक तिने जळगावहून जुनी आणली.
जरा डावीकडे ओढते. ती म्हणते, बरंय, वारा समजायचा.
आकडे सांगायला मी.

माझ्याकडे आकडे पुष्कळ.
सत्तावीस वर्षं वॅगनचे नंबर वाचले,
अकरा आकडी, गंजावरचे, कोळशाच्या धुळीखालचे.
मी सुलटे म्हणतो, ती उलटे.
पहिल्या आठवड्यात सातव्यावर घसरायची.
आता अकराच्या अकरा, गिलकी चिरता चिरता.
शैला म्हणते, बापलेक घरात यार्ड भरवून राह्यले.

माझा हुद्दा बदलला. गार्डचा ट्रेन मॅनेजर झाला.
डबा तोच, शेवटचा.
मागे पळणारे रूळ बघायची नोकरी;
पुढे काय आहे ते मला
नेहमी वॉकीटॉकीवरच कळलं.

एका रकान्यात पी.एफ.
दुसऱ्यात खडका रोडचा प्लॉट,
गट दोनशे चौदा, हिस्सा दोन, प्लॉट सात,
दोन हजार सहाला घेतला,
ही भिंत धरून उभी राहायला शिकली त्या वर्षी.
तिसऱ्यात बँक. मॅडम गोड बोलल्या,
पण तारण काय, हे पाण्याच्या आधी विचारलं.
माहितीपत्रकात धावपट्टी गुळगुळीत, पोरं हसरी,
आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत:
टाइप रेटिंगचा खर्च वेगळा.
वेगळा म्हणजे आणखी पंधरा लाख.
मला वाटलं, हे मी शोधून काढलं.
तिच्या वहीत ते आधीच होतं, पेन्सिलीने.
त्याखाली: मध्येच थांबावं लागलं तर.
त्याखाली नुसती रेघ.

मंगळवारी भादलीच्या अलीकडे होम सिग्नलला थांबवलं.
चाळीस मिनिटं. दोन्हीकडे केळी, घडांना निळ्या पिशव्या.
वर एक विमान, पांढरं, मारुती व्हॅनएवढं.
नशिराबादकडून यायचं, वळायचं, खाली जायचं,
टेकतं न टेकतं तोच परत वर.
एक फेरी सहा मिनिटं. सत्तावीसशे पन्नास.
दुसरी, साडेपाच हजार.
तिसरी, कुणाच्या तरी घरचा महिन्याचा किराणा.
चौथ्या फेरीला डावा पंख कलला,
मी कठडा घट्ट धरला.
सावरलं.
पुढच्या फेऱ्यांचा हिशेब माझ्याकडे नाही.
सिग्नल मिळाल्याचं ड्रायव्हरला
दोनदा सांगावं लागलं.

आज शनिवार. मला रात्री अडीचचा कॉल आहे.
ती ओट्यावर, डोळे मिटून: सांगा, पप्पा.
मी सांगतो, ती उलटवते.
सांगतो, उलटवते.
मग तोंडातून निघून जातं:
दोन एक चार, दोन, शून्य सात, दोन शून्य शून्य सहा.

सहा शून्य शून्य दोन, सात शून्य, दोन, चार एक दोन.
एक चूक नाही.
मग ती डोळे उघडते.
हा वॅगनचा नव्हता. एक आकडा कमी आहे.

पुढचा ऐक, मी म्हणतो,
आणि बोटांवर मोजून
अकरा सांगतो.