रेडियम

मूलच्या बसस्टॅंडमागे माझी टपरी.
नंबरप्लेटा, 'आईचा आशीर्वाद', वाघाचे डोळे,
काय म्हणाल ते रेडियमात कापून देतो.

परवा शकुन आत्राम सिस्टर आली.
हातात काळं हेल्मेट, नवंकोरं.
"भावानं देलं. याच्यावर दोन फुलं काढून द्या."

म्हटलं, सिस्टर,
रस्ता काळा, सागाखालची सावली काळी,
तणीस भरलेल्या ट्रॅक्टरला मागं लाइट नाही,
त्यात तुमची गाडी काळी, अन् आता हे.
उपकेंद्रातून निघता तेव्हा साडेसहा होतात.
तुम्ही असता रस्त्यावर,
फक्त कोणाला ठाऊक नसतं.

"मंग काय केशरी घेऊ?"

केशरी नको, फागुन येतोय.
मागच्या साली केळझरच्या वळणावर
दोन्ही अंगांनी पळस पेटलेला
आणि टपालाचा देवाजी कोवे केशरी हेल्मेटात
आपल्या साइडनं, सरळ.
ट्रकवाला म्हणे, मले वाटलं फूल होय.
देवाजी वाचला. गुडघा गेला.
अजून सांगत फिरतो:
जन्मात एकानं फूल म्हटलं,
त्यानंच ठोकलं.

पांढरं चांगलं,
पण तलावावरून धुई उतरली की तेही धुईच.

मी लिंबू कलरचा रोल उलगडला.
धड पिवळा नाही, धड पोपटी नाही.
जंगलाला अजून न सुचलेला रंग.

"वाघाले दिसन ना मी!"
वाघाले तुम्ही काळ्यातही दिसता, सिस्टर.
तो पाह्यते.

ती रोलवर बोट फिरवत राहिली.
मग हळूच म्हणाली,
"लहानपणापासून आई एकच सांगे,
डोळ्यात भरन असं घालू नको."

मी कात्री शोधायला खाली वाकलो,
जरा जास्तच वेळ.

फुलं दोनच सांगितली होती, सात कापली.
मागं एक जाड पट्टी, कानापासून कानापर्यंत.
पैसे फुलांचेच घेतले.

ती गेली. नहरापर्यंत दिसत होती,
नहराच्या पुढंही,
जिथं एरवी माणूस संपतो, तिथंही थोडी.

शटर ओढून मी सायकल काढली.
गडचिरोलीची बस अंगावरून हॉर्न मारत गेली,
ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी ओरडला, आईवरूनच असावं.
बावीस वर्षं रेडियम कापतो मी.
उतरून मागचं मडगार्ड पाहिलं.
एक टिकली नाही.