घसारा

आग आमच्या कुंपणापर्यंत आली आणि वळली.
का वळली, ते आग विझवणाऱ्यांनाही सांगता आलं नाही.
टॉल्मींचं घर गेलं, शेडसकट, दोन होड्यांसकट.
माझं उभं राहिलं.
उभ्या घराचा दावा मांडणं
पडलेल्या घरापेक्षा किचकट असतं म्हणे.

ओकानागनच्या या उतारावर सप्टेंबरात सफरचंदं उतरवतात.
मी फ्रिज उतरवला.
पाच आठवडे वीज नव्हती, आत सॅमन होता.
दार न उघडता, चिकटपट्टीचे वेढे देऊन
दोन माणसांनी तो पायऱ्यांवरून नेला,
शवपेटी नेतात तसा, खाली बघत.

विमा कंपनीकडून कॅल्डर नावाचा पोरगा आला.
बुटांवर निळी प्लास्टिकची मोजी चढवून
काळ्याठिक्कर गालिच्यावरून जपून चालला.
पांढऱ्या फडक्याने भिंत पुसली
आणि फडकं मला दाखवलं,
जणू मला ठाऊकच नव्हतं.
मग तक्ता दिला.
वस्तू. वय. तेव्हाची किंमत. आजची किंमत.
"आजची कमी येईल," तो म्हणाला, "घसारा वजा होतो."
वाईट नव्हता पोरगा. पाणीसुद्धा मागितलं नाही त्याने,
नळाचं पिऊ नका अशी पाटी वाचली होती.

घसारा.
मी भिंती घासत होते तेव्हा, सोड्याच्या पाण्याने,
खालून वर.
वरून सुरुवात केली तर ओघळ उतरतात
आणि मग जन्मभर जात नाहीत.
हे मर्ना टॉल्मीने शिकवलं,
जिला आता घासायला भिंत नाही.

पावत्या कोण ठेवतं?
पुराव्यासाठी फोटो काढून बसले.
चाळीस वर्षं ज्यांत चेहरे पाहिले
त्यांत चेहऱ्यांच्या मागे पाहू लागले.
रोझलिंडच्या सातव्या वाढदिवसाला, मेणबत्त्यांपलीकडे,
शिवणयंत्र.
सासूबाईंच्या कानाशी लंबकाचं घड्याळ, चार वाजून दहा.
घड्याळाचं वय लिहिलं.
सासूबाईंना रकाना नव्हता.
माणसं बाजूला सारायची सवय लागते,
पडदा सारावा तशी.

अँसेल्म कशातच नव्हता.
असेल कसा, कॅमेरा त्याच्या हातात.

ओव्हनचा एकच फोटो मिळाला, रात्री दीडला.
काचेच्या दारात वाकलेलं कुणीतरी,
एक डोळा मिटलेला, अंगात माझा एप्रन.
बराच वेळ मी फक्त ओव्हनच पाहत होते.
मॉडेलचा नंबर शोधत होते.

कॅल्डरचा निरोप आला: काचेत काहीतरी येतंय,
स्वच्छ फोटो आहे का?
नाही, लिहिलं. हाच आहे.
ओव्हन, वय एकोणीस,
त्यांनी धरली किंमत चाळीस डॉलर.
मी वाद घातला नाही. गालिच्यासाठी मात्र घातला,
तीन पत्रं लिहिली, आणि जिंकले.

ऑक्टोबरात मर्ना आली, मोटेलवरून, चालत.
तिचे फोटोही जळालेले.
दारातच म्हणाली, "तुमच्या गच्चीवरचे आहेत ना?
त्यांत मागे आम्ही असू."

होते.
रोझलिंडच्या खांद्यावरून त्यांची शेड.
कुत्र्याच्या वर, आडवी, हिरवी होडी. दुसरी अर्धी.
स्वयंपाकघराची खिडकी, नखाएवढी.
मर्नाने भिंग धरलं.
"पडदे," ती म्हणाली. "लिही. चार जोड्या.
नाही, थांब, तीन. चौथी मी शिवणार होते."
मी तीन लिहिलं.
ती भिंग हलवेना.

गार पडलं, म्हणून मी हीटर लावला,
आगीनंतर पहिल्यांदाच.
जाळीतून तोच वास आला, दबकत,
आधी पायांशी, मग टेबलावर.
खिडकी हाताच्या अंतरावर होती.
"गच्चीचं वय किती?" मर्नाने विचारलं.
आम्ही दोघी मोजू लागलो.