तिरकी रेघ

सदुसष्टचा जानेवारी. म्हापशात मासळी बाजारामागे
धारगळकरांच्या छापखान्यात
'व' संपला.

फुलवाल्यांना विलीनीकरण हवं होतं,
दोन पानांवाल्यांना वेगळेपण,
आणि खिळ्यांचा खण दोघांना मिळून एकच.
शेट म्हणाले, पैसे दोघांचेही घ्या, शाई जपून वापरा.

मी फुलाची पत्रकं जुळवायचो, इनास दिनीज पानांची,
एका दिव्याखाली, पाठीला पाठ.
दोघंही अक्षरं उलटी वाचणारे;
सुलट बोलणं आम्हाला फारसं जमत नसे.

तिसरं काम पार्सेकर मास्तरांचं:
अमेरिकेचा इतिहास, शाळेपुरता, किंमत पंचाहत्तर पैसे.
त्यात बोस्टनकडचे व्यापारी
दक्षिणेकडच्या अध्यक्षावर खवळलेले,
युद्धापायी गलबतं बंदरात कुजतात म्हणून
हार्टफर्डला बंद दारांआड तीन आठवडे बसतात
आणि कुणी कुणी पुटपुटतं,
आपण निघूनच जाऊ या ना.
देश अजून चाळिशीचाही नव्हता.
मी ओळ जुळवली आणि खिडकीबाहेर पाहिलं:
भिंतीवर चुन्यानं फूल,
फुलावर कुणीतरी पानं,
पानांवर शेण.
आम्ही तर पाच वर्षांचे.

इनासनं मग 'ब'चे खिळे काढले,
घड्याळजीच्या टोच्यानं पोटातली तिरकी रेघ खरवडली.
पळय, म्हणाला, जालो व.
रात्रभरात चाळीस 'ब' आम्ही असे रिकामे केले.
निम्मे त्याला, निम्मे मला.
शिशाचा चुरा फुंकून टाकला.

मतदानाला एकाच रांगेत होतो,
मध्ये तीन माणसं.
निकालाच्या दिवशी फटाके त्याच्या वाड्यावर वाजले.
तो कामावर आला, पोदेराकडचे गरम उंडे घेऊन,
एक माझ्यासमोर ठेवला, बोलला काहीच नाही.
मी खाल्ला. घशाखाली उतरायला वेळ लागला,
हे आज पहिल्यांदाच सांगतोय.

हार्टफर्डचे लोक मागण्यांची यादी घेऊन
राजधानीत पोचले तेव्हा युद्ध संपलं होतं,
रस्त्यांवर जल्लोष, आणि यांचं हसं.
ते प्रूफ मी तीनदा वाचलं.
हसणाऱ्यांतल्या कुणी त्यांना
बसा तरी, म्हटलं का,
ते मास्तरांनी लिहिलं नव्हतं.

पुस्तक फेब्रुवारीत निघालं.
'ब' पुरेसे उरलेच नव्हते.
पान अकरा: वंदर, वंद दारं, वोस्टन.
मास्तर छत्री आपटत आले.
इनास म्हणाला, मास्तर, ही चूक निवडणूक खात्याची.
पुन्हा छापायला पैसे कुणाकडे?
पुस्तकं तशीच वर्गात गेली.

परवा डिचोलीच्या बसस्टँडवर
एक निवृत्त तलाठी भेटला, त्याच शाळेतला.
तुम्हीच ना ते पुस्तक जुळवलेलं, म्हणाला,
आणि भर उन्हात, हातातली पिशवी खाली ठेवून,
अगदी खात्रीनं मला सांगू लागला
वोस्टनच्या वंदरात
चहा कसा वुडवला ते.