फक्की

मी फक्की मारतो. म्हणजे
पांढऱ्या भुकटीनं जमिनीवर घरं काढतो,
पुढं कोणी बांधो, न बांधो.
मौजा बोरगव्हाण, खसरा एकशे बारा,
चौऱ्याहत्तर प्लॉट मीच पाडले
पऱ्हाटीच्या धसकटांत,
दोरी धरायला झिबल आत्रामचं पोरगं.

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन.
आमच्या ठाण्याचे तिघे शिपाई बंदोबस्ताला गेले,
येताना संत्री आणली आणि बातमी:
नव्या ले-आउटांना स्थगिती,
रजिस्ट्री बंद, पुढील आदेश येईतो.

पुढील आदेश कुठून निघतो,
पायी येतो की एसटीनं,
तलाठ्यालाही ठाऊक नाही.

मालकानं फोन उचलणं सोडलं.
कमानीवरच्या नंदनवनाचं पहिलं अक्षर
वादळात उडालं,
आता तिथं नुसतं दनवन आहे.
एकोणतिसात रोही बसतो, हॉलमध्ये.
साठ नंबरात टिटवीनं अंडी घातली,
तिला कोणी सातबारा मागितला नाही.
शेळ्या भिंतींतून आरपार जातात.

एक्केचाळीस कुंती मसरामचा.
अंगणवाडीत मदतनीस. बाराशे फूट,
सव्वा लाख रोख, शंभराचा स्टॅम्प.
दर रविवारी येते.
चप्पल दाराबाहेर काढते,
मग आत जाते.

पावसानं रेघ गेली की निरोप येतो:
भाऊ, माहं घर पुसलं ना, येऊन जा.
मी जातो. तीस रुपये घेतो.
एकदा नाही घेतले.

तिला अजून सांगितलेलं नाही
की कायदा तसा खोटा नाही.
इथून नाला वाहायचा. अडतीस ते चव्वेचाळीस
त्याच्याच अंगावर आहेत.
ट्रॅक्टरनं बुजवला दोन रात्रींत.
मालक म्हणाला, ओढ.
मी ओढली फक्की नाल्याच्या छातीवरून,
सरळ.
माझी रेघ कधी वाकडी जात नाही.

परवा म्हणाली, खिडकी या बाजूनं घ्या,
इकडून वारा येते.
मी वाकलो. बोटांना ओल लागली,
फेब्रुवारीत,
भेगाळल्या मातीच्या वीतभर खाली.
तिनंही हात टेकला तिथंच,
बराच वेळ.
मला वाटलं आता विचारेल.

उठली. पावलं मोजली.
चूल चार पावलं मागं सरकवली,
पदराला हात पुसत म्हणाली,
मारा.