ओतिलियाचा काटा

मासळी संपली तरी ओतिलियाने काटा विकला नाही.
तेल घालून, पोत्यात गुंडाळून
उपड्या होडीखाली ठेवला,
अंडी देईनाशी झालेली कोंबडी ठेवतात तसा.

मग एका मंगळवारी ओहोटी लागली
आणि वाळूवर काळी रेघ उरली
धक्क्यापासून शाळेच्या भिंतीपर्यंत.
पहिल्यांदा नव्हे. बावीस वर्षं उरतच होती.
त्या दिवशी तिने काटा बाहेर काढला, एवढंच.

घमेलं भरलं. पाणी निथळू दिलं.
"ओला मोजला तर मापात पाप."
आणि मला म्हणाली, लिही.
मी अकरा वर्षांची, अक्षर बरं.
वही मासळीचीच. डाव्या पानावर जुन्या पेट्या,
कुणाची होडी, किती मेर्लुसा, किती उधारी.
उजव्या पानावर मी लिहिलं:
मंगळवार. कोळसा. चौदा किलो.
उधारी कुणाची लिहू?
"कंपनीची. दुसरं कोण आहे इथं?"

बायका एकेक करून आल्या. आधी एद्विना,
जिच्या मुलाला वर्गातून उलट्या करत घरी आणलं होतं.
मग फ्रेसिया. मग लुसमिरा, नुसती बघायला म्हणून.
एवारिस्तो आला नाही.
ओतिलियाचा सख्खा भाऊ, दोन नंबरच्या बॉयलरवर.
रविवारी जेवायला यायचा, ताटात बघून जेवायचा,
जाताना घमेल्याला वळसा घालून जायचा.

कोळसा उगाळावा तितका काळा, खरंय.
आम्ही उगाळला नाही. मोजला.
नऊ वर्षं. खाडा फक्त भूकंपाच्या आठवड्याचा.

सुनावणीत वकिलाने विचारलं,
बाईंच्या काट्याला सरकारी शिक्का आहे का?
मागे कुणीतरी खोकलं. आमच्यात नेहमीच कुणीतरी खोकतं.
ओतिलियाने चष्मा पुसला.
"साहेब, तुमच्या कॅन्टीनने याच काट्यावर
सहा वर्षं मासळी घेतली.
तेव्हा कधी कमी भरली नाही."

हशा झाला. हशाने चिमणी विझत नाही.
ती विझली त्यानंतर तीन हिवाळ्यांनी.
फाटकाला साखळीने बांधून घेतलेल्या बायकांमुळे,
फ्रेसियाच्या तुटलेल्या दातामुळे,
की राजधानीत कुणीतरी आमची वही वाचली म्हणून,
मला सांगता येणार नाही.
त्या दिवशी धूर आधी पांढरा झाला, मग नाहीच.
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी
तशी नजर वर जात राहिली.

संध्याकाळी एवारिस्तो आला, हातात हेल्मेट.
"झालं ना तुझ्या मनासारखं?"
ती बोलली नाही. खुर्ची सरकवली, सूप वाढलं.
हे कुठल्या पानावर लिहायचं
तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

अजून येतो, समुद्राच्या तळातून,
कधी मूठभर, कधी पाव किलो.
तिला आता वाकवत नाही.
एवारिस्तो उचलतो. मी लिहिते.
काटा थरथरतो.
मी पेन टेकवायला जाते, तर ती म्हणते, थांब.
हलतोय अजून.