कूलरमध्ये पाणी

धंतोलीतल्या डॉक्टरबाई म्हणाल्या,
ज्यांना मी पाहिलंच नाही
त्यांच्या आजाराला नाव देणार नाही.
मग पेन बाजूला ठेवून विचारलं,
तुम्हाला झोप कशी लागते?

मी बाबांबद्दलच बोलायला लागले.
असंच होतं. प्रश्न माझ्या झोपेचा असला
तरी उत्तरात तेच येऊन बसतात,
पायावर पाय टाकून.

नाग नदीवर एक पूल होता. साधाच,
दोन म्हशी आणि एक स्कूटर जाईल एवढा.
बाबा तेव्हा ज्युनिअर इंजिनिअर.
उद्घाटनाच्या दगडावर अकरा नावं होती.
त्यांचं नव्हतं.
तेव्हापासून आमच्या घरातला प्रत्येक दगड त्यांचा.
मी बोर्डात आले, तर डोकं त्यांचं.
निळूदादा घर सोडून गेला,
तर तो गुण आईच्या माहेरचा.

आईनं बत्तीस वर्षं चौथी ‘ब’ शिकवली.
निरोप समारंभात बाबांनी माईक घेतला
आणि चाळीस मिनिटं सांगितलं
की या बाईला नोकरी मी करू दिली.
पोरांनी टाळ्या वाजवल्या. आईनंही.
परतताना ऑटोत तिच्या मांडीवरचा नारळ
एकदाही हलला नाही,
इतका घट्ट धरलेला.
मी काही बोलणार तर म्हणाली,
जाऊ दे नं माय, आज त्यायचा मूड चांगला आहे.

डॉक्टरबाई, तुम्ही इथल्याच.
कूलर तुम्हाला समजावून सांगायला नको.
आमचा लोखंडी, हॉलमध्ये,
मे महिनाभर तोंड बाबांच्या खुर्चीकडे.
नळ साडेचारला येतो. बादल्या आम्ही भरायच्या.
वाळा ओला राहिला पाहिजे,
कोरडा पडला की तोच कूलर
घरभर झळा फेकतो.
मला फार उशिरा कळलं,
खुर्चीतला माणूसच कूलर होता.
‘वा बाबा’ ही एक बादली.
‘तुमच्यासारखं कुणाला जमतं’ ही दुसरी.
आणि टाकीच्या तळाशी कुठंतरी
नखाएवढं भोक,
जे त्यांनी कुणाला पाहू दिलं नाही.
स्वतःलाही.

ते कधी रडले का, असं बाईंनी विचारलं.

रस्ता रुंद करायला तो पूल पाडला
तेव्हा बाबा चौऱ्याहत्तरचे.
कुणाला न सांगता गेले, उन्हात उभे राहिले,
सिमेंटचा एक तुकडा घेऊन आले
संत्रा बर्फीच्या रिकाम्या डब्यात.
मला म्हणाले, चहा दे नं थोडा.
‘नं’ म्हणाले. मी कपाट धरून उभी राहिले.
चहा नेला तोवर पंधरा मिनिटं झाली होती.
थंड आहे म्हणून कप भिंतीवर फुटला.
डाग अजून आहे. डबाही आहे.
दोन्ही खरं आहे, बाई,
मला एकच निवडता येत नाही.

लहानपणी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
मारबत निघायची, सगळी गल्ली ओरडायची,
रोगराई घेऊन जा, खोकला घेऊन जा.
मी सातेक वर्षांची, निळूदादाच्या खांद्यावर.
मलाही काहीतरी द्यायचं होतं तिच्यासोबत,
पण त्याला शब्द नव्हता.
काळी मारबत जळाली.
घरी आलो तर तो आवाज
जेवायला बसला होता.

बाईंनी मला अर्धी गोळी लिहून दिली.
त्यांना काही नाही. ते येणारही नाहीत.
वेडे लोक जातात तिथं, म्हणतात,
आणि हे म्हणताना माझ्याकडे पाहतात.

आता आई नाही. बादल्या एकटीच्या.
काल साडेचारला नळ आला,
हात सवयीनं बादलीकडे गेला, भरली,
आणि मी ती उचलून
हॉलमध्ये नेण्याऐवजी मोरीत बसले,
तांब्यातांब्यानं केसांवर ओतत राहिले.
बाहेर कूलर कोरडा खडखडत होता.

कोण आहे तिकडं? बाबा ओरडले.

मी, म्हटलं.

कोण मी?

पाणी अजून येत होतं.
मी दुसरी बादली लावली.